‘झालं’ म्हटल्यानंतरचे फोटो

शकूताई, परवा तुझी तेरवी झाली आणि तिथंही मी भांडून आले. तुला काही नवल वाटायचं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मालू, तुले जेवाले बोलावलं होतं का कोर्टात?"

पण मी तरी काय करू? पाटावर हार घातलेला तुझा फोटो होता आणि तो फोटो तुझा वाटतच नव्हता. नाक तुझं, कपाळ तुझं, कुंकूही तुझंच. पण गालांवरचे देवीचे व्रण कुठं गेले? एकही नाही. गाल कसे, तर लोण्याच्या गोळ्यासारखे. तेवीस वर्षं ज्या तोंडाकडे बघत मी चहा प्यायले, ते तोंड मला त्या चौकटीत सापडेना आणि माझं डोकं फिरलं. भाऊजींनीच निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तुला तरणीताठी केली असणार असं मी धरूनच चालले. भरल्या पंगतीत म्हटलं, "भाऊजी, मेल्यावर तरी तिला तिच्या तोंडानं राहू द्यायचं होतं."

भाऊजींच्या हातात वरणाची बादली होती. ती त्यांनी खाली ठेवली. "मालूबाई," म्हणाले, "मी तिले पयल्यांदा पाह्यलं थे याच फोटोत. तिच्या बापानं डाग असेच पुसून आणले होते. मी फोटोवाला मानूस, मले पेन्सिल दिसली नसन का? दिसली होती. तरी हो म्हटलं." आणि बादली उचलून पुढच्या पानाकडे गेले.

एवढी वर्षं तुझ्या नवऱ्याला मी रंगसफेदीवाला म्हणत होते, तुझ्यासमोर, आणि तू हसत होतीस. हे का नाही सांगितलंस कधी? तू काय काय सांगितलं नाहीस, त्याची यादी गेल्या दोन दिवसांत फार वाढली आहे. काल मी कन्हानला जाऊन आले, ताई. कुसुमकडे. पंधरा वर्षांपूर्वी जायला हवं होतं. तिथलं सांगायचंच आहे, पण एकदम नाही सांगता येणार. मला माझ्या चालीनं येऊ दे.

तुझ्या स्टुडिओत मी पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. एकवीस वर्षांची, स्थळाला पाठवायचा फोटो काढायला. माझा तो चौथा फोटो. आधीच्या तिन्ही फोटोंवर नकार आले होते आणि बाबांचं ठाम मत होतं की दोष फोटोग्राफरचा. कुणीतरी त्यांना सांगितलं, इतवारीत एक फोटोवाली बाई आहे, नवराबायको दोघं मिळून स्टुडिओ चालवतात, पोरींचे फोटो बाई काढते. पोरी तिच्यापुढं घाबरत नाहीत, डोळे मिटत नाहीत. मग काय, महालातून इतवारीपर्यंत बाबा पुढं आणि मी मागं, नव्या साडीच्या निऱ्या धरून.

बाबा सांगत होते, सरळ उभी राहा, उंची दिसली पाहिजे. वेणी पुढं घे. एक हात कागदी फुलांच्या कुंडीवर. आणि डाव्या मनगटावर स्टुडिओचं घड्याळ, मुलगी शिकलेली दिसावी म्हणून. मी मॅट्रिक होऊन ड्रॉइंगची परीक्षा देत होते, पण घड्याळाशिवाय ते फोटोत कसं दिसणार? तू मोठ्या लाकडी कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात शिरलीस. बाबा म्हणाले, "जरा उजळ येऊ द्या हं." तू कापडातूनच म्हणालीस, "पाहू." फोटो निघाला. बाबांना तू बाहेर भाऊजींकडं नाव-पत्ता लिहून द्यायला धाडलंस, पडदा ओढलास.

"झालं," म्हणालीस. "झालं वं बाई. सोड आता."

काय सोडायचं ते मला कळलं नाही, पण सुटलं. खांदे खाली आले. घड्याळ काढायला गेले तर काटे हलत नव्हते. कानाला लावून पाहिलं. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. तुझ्या गळ्यात तो दुसरा कॅमेरा होता, वरून वाकून बघायचा. त्यात बघताना तुझी मान खाली असायची, समोरच्या पोरीला दिसायचा तो फक्त तुझा भांग. कुणी रोखून बघतंय असं वाटायचंच नाही.

"हा एक माह्यासाठी काढला," म्हणालीस. "तुले नको असन तं सांग. फाडून टाकीन."

"हे घड्याळ बंद आहे," मी म्हटलं. तुझ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य तक्रारीचं.

"मंग? नवरदेवाले का ऐकू येते?"

मी हसले. त्या दिवशी, त्या साडीत, पहिल्यांदाच. त्या स्थळानंही नकार दिला, देव त्यांचं भलं करो. पुढं मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले आणि स्थळं बघायचं बाबांनी सोडून दिलं. मी तुझ्याकडे येणं मात्र सोडलं नाही. आधी ‘तुम्ही, तुम्ही’ करायचे. तू वैतागलीस, "काहून वं, मी का तुही सासू हाये?" तेव्हापासून तू.

किती शिकवलंस मला. मे महिन्यात आपल्या नागपुरात डार्करूम म्हणजे भट्टीच. औषधाचं पाणी तापलं की फिल्मवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून यायचा. म्हणून आपण पहाटे फटफटीत व्हायच्या आत काम उरकायचो, माठ रिकामे करून औषधाच्या तसराळ्यांभोवती पाणी ओतायचो. तुझा हात औषधात, माझा घड्याळावर. चालणाऱ्या. कागदावर आधी काहीच नसायचं, मग भुवया यायच्या. आधी भुवयाच का येतात, मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "पोरीचा राग तिथंच राह्यते." ताई, हे तू उगाच सांगितलंस की खरं, अजून मला ठरवता आलेलं नाही.

आणि या सगळ्या काळात मी काय होते? मी मोठी कलेची जाणकार होते. दिवाळीच्या सुट्टीत पदरमोड करून मुंबईला प्रदर्शनं बघायला जायचे. परत आले की तुझ्यासमोर बसून तासन् तास सांगायचे: अमक्याचा उजेड कसा, तमक्यानं चेहरे कसे काढलेत, कुठल्या देशात कोण फोटोग्राफर आहे ज्याची कुणाला कदरच नाही. तू ऐकायचीस. बोटांना लागलेलं औषध पदराला पुसत "हो का?" म्हणायचीस. आणि मी बसलेली असायचे बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यावर, कारण त्या खोलीत दुसरी बसायला जागा नव्हती. पाच वर्षं. पाच वर्षं मी त्या डब्यावर बसून दुनियेतल्या दुर्लक्षित कलावंतांची काळजी करत होते.

भिंतीला वाळवी लागली, तुझ्या भाषेत उधई, म्हणून ते डबे हलवावे लागले. सात होते. तू म्हणालीस, उघडून पाह्य, आत गेली का उधई. मी उघडलं. पाकिटं, ओळीनं लावलेली. प्रत्येकावर पोरीचं नाव, गाव आणि शिसपेन्सिलीनं एक शब्द, ‘देला’, म्हणजे तिनं फोटो ठेवू दिला. काहींवर ‘नाही’. ज्यांवर ‘नाही’ लिहिलेलं, ती पाकिटं रिकामी होती. रिकामीसुद्धा तू जपून ठेवली होतीस, नावागावासकट.

आधी माझंच पाकीट हाती आलं. कपाळाला आठी, कानाशी घड्याळ, आणि तोंड असं की आता कुणाशी तरी भांडण होणार. मी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. मला स्वतःचा चेहरा आवडला, ताई. हे मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटली.

मग बाकीचे. उमरेडची ती पोर, झालं म्हटल्याबरोबर कुंडीतलं कागदी फूल उपटून दाताखाली धरलेली. जरीपटक्यातली ती सिंधी मुलगी, पाठमोरी, पावडर साडीच्या आतल्या पदरानं खसाखसा पुसताना. एक जण नुसती भिंतीला डोकं टेकून उभी. एक रडत होती आणि रडताना वेणी नीट करत होती. चारशेच्या वर पोरी असतील. सगळ्या त्याच खोलीत, त्याच खिडकीच्या उजेडात, आणि एकीसारखी दुसरी नाही. मुंबईत भिंतींवर जे बघून मी भारावून यायचे, त्यातलं काहीही याच्या जवळपास येत नव्हतं. मी जमिनीवर बसकण मारली. तू विचारलंस, "लागली का उधई?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते संपलंच नाही.

मी म्हणायचे, ताई, हे लोकांनी बघायला पाहिजे. तू म्हणायचीस, काहून? मी म्हणायचे, हे कलावंताचं काम आहे. तू म्हणायचीस, "कलावंत गेला चुलीत. पोर पाह्य." मी चिडायचे, आवाज चढवायचे, भाऊजी बाहेरून खाकरायचे. एकदा मी म्हटलं, चार भिंतींत कोंडून ठेवलेली कला म्हणजे पाप आहे. हे कुठंतरी वाचलेलं होतं मी. तू तसराळं धुवून उपडं घातलंस, शांतपणे. "हे पाह्य मालू. पोरगी आली का तिले सारेच पाह्यतात. सासू पाह्यते, सासरा पाह्यते, मामेसासरा पाह्यते. थे सारं झाल्यावर जे उरते, थे तिनं मले देलं. मले. मुंबईले नाही देलं."

मी मनात एक गाठ मारून ठेवली.

आता कन्हानच्या कुसुमचं. एकोणीस वर्षांची, गव्हाळ, चुणचुणीत पोर. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, म्हणून स्थळाच्या फोटोत तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. बघण्याच्या दिवशीही मान खाली घालून हो-नाहीच्या पलीकडे बोलायचं नाही, अशी आईची ताकीद होती. बघणं झालं, पसंती झाली, साक्षगंध झालं. पण तुझ्याकडं तिचा दुसरा फोटो होता. स्टुडिओच्या टाचेच्या चपला काढून फेकलेल्या, जमिनीवर फतकल, एक पाय हातात घेऊन चोळतेय, पदर खांद्यावरून गेलेला, आणि तोंड उघडून हसतेय. तो अर्धा दात, जीभ, सगळं. तो फोटो बघितला की बघणाऱ्याला हसू यायचं आणि मग तो पुन्हा हातात घ्यावासा वाटायचा.

तू आठ दिवस रामटेकला माहेरी गेलीस. डार्करूमची चाबी माझ्याकडे होती. मी तो फोटो मोठा करून छापला, माझ्या हातून आजवर झालेली सगळ्यात चांगली छपाई, आणि मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवला. तुझ्या नावानं. नाव दिलं, ‘विसावा’. खोटं कशाला बोलू, ताई, मेलेल्या माणसाशी काय खोटं बोलायचं? तुझं नाव व्हावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. पण त्या नावाच्या खाली, ही बाई मालतीनं शोधून काढली, हेही कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. तू काय हरवली होतीस मला सापडायला?

फोटो घेतला त्यांनी. भिंतीवर लागला. प्रशस्तिपत्र आलं, शाळेच्या पत्त्यावर, कारण पत्ता मी माझा दिला होता. मी योग्य दिवस बघून तुला सांगणार होते. तेवढ्यात इथल्या एका पेपरानं रविवारच्या पानावर तोच फोटो छापला. नागपूरच्या गृहिणीची कलाकृती. चांगला हातभर मोठा.

सोमवारी मी शाळेतून थेट तुझ्याकडे आले, पेढे घेऊन. पेढे, ताई! तू बाकावर बसली होतीस, पेपर घडी घालून मांडीवर. कुसुमचे वडील आणि भाऊ येऊन गेले होते. मुलाकडच्यांचं म्हणणं, दात लपवून फसवलं. आणि दाताचं एक वेळ चालवून घेऊ, पण पदर पाडून हसतानाचा फोटो पेपरात येतो ती पोरगी आम्हाला नको. "साक्षगंध मोडलं," तू एवढंच म्हणालीस. मग हात पुढं केलास. "चाबी दे."

मी चाबी दिली. तू शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, रडले असते, पाय धरले असते. तू पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जाय आता."

चौदा महिने. मी इतवारीचा रस्ता सोडला. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी सायकल रिक्षा वळली तरी मी तोंड फिरवायचे. मग एक दिवस शाळेत वर्गाचे फोटो होते आणि बघते तर कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून तू फाटकातून आत. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं. पोरींच्या रांगा लावल्यास, ठेंगण्या पुढं, उंच मागं, आणि कडेच्या खुर्चीवरच्या मला म्हणालीस, "मास्तरीनबाई, हनुवटी वर." फोटो झाला. सामान बांधताबांधता माझ्याकडे न बघता म्हणालीस, "चहा पाजत नाही का वं?"

स्टाफरूमच्या मोरीत जाऊन मी रडले आणि मग चहा आणला. झालं, आपलं सुरू झालं पुन्हा. पुढं कधीही, एकदाही, आपण कुसुमचं नाव काढलं नाही. तू काढलं नाहीस म्हणजे मला माफ केलंस, असं मी सोयीनं धरून चालले. आणि मी का काढलं नाही? कारण तू उत्तर दिलं असतंस. त्या पोरीचं पुढं काय झालं हे तुला माहीत असणार, एवढं मला कळत होतं. मी विचारलं नाही म्हणजे मला ऐकावं लागणार नाही. पंधरा वर्षं मी ही हुशारी केली.

आता इकडं काय काय बदललं. रंगीत फोटो आले, पोरी बर्डीवरच्या मोठ्या स्टुडिओत जायला लागल्या, मागं काश्मीरचा पडदा लावून. तुझ्याकडं यायच्या त्या गरिबाघरच्या, खेड्यावरच्या. तू म्हणायचीस, "बरं हाये. याईचे चेहरे अजून शिकले नाहीत." दम लागायचा तुला, तरी वाकून गळ्यातल्या त्या कॅमेऱ्यात बघायचं सोडलं नाहीस. शेवटचं पाकीट मागच्या दिवाळीतलं आहे. मी बघितलं.

दवाखान्यात तुझ्या उशाशी होते तेव्हा तू डोळे उघडून म्हणालीस, "डबे तुले." मी म्हणणार होते. ताई, खरंच म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं: ताई, कुसुमचं मी चुकले. तेवढ्यात नर्सबाई नळी बघायला आल्या, आणि त्या गेल्यावर मी काय म्हटलं? "बरी हो लवकर, मग बघू." तू मान वळवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा निरोप आला. आता बस रडत, मालू. तशीच रडतेय.

तेरवीच्या दिवशीच भाऊजींनी सातही डबे रिक्षात घालून दिले. घरी आले आणि पहिल्यांदा कुसुमचं पाकीट काढलं. वाटलं होतं, ते रिकामं असेल, ‘देला’ खोडून तू ‘नाही’ लिहिलं असशील. तसं नव्हतं. आत निगेटिव्ह होती, फोटोही होता. पण पाकिटावर पत्ते होते. कन्हानचा वडिलांचा, खोडलेला. खाली दुसरा, तोही खोडलेला. त्याखाली तिसरा, खाणीजवळच्या चाळीचा, नव्या शाईत. मी रात्रभर काही विचार केला वगैरे नाही. सकाळची बस धरली.

कामठी गेलं, नदीवरचा पूल गेला आणि मला परत फिरावंसं वाटायला लागलं. ड्रॉइंगची मास्तरीण मी, चौऱ्याऐंशी पोरींच्या वर्गाला एका नजरेत गप्प करते. आणि कुसुमच्या दाराशी मी पदर सारखा करत घुटमळले. ती बाहेर बाजेवर मुगवड्या घालत होती. भरली आहे अंगानं. दोन मुलं शाळेत गेली असणार, दप्तरांचे खिळे रिकामे होते. बोलली तेव्हा दात दिसला. अजून अर्धाच आहे.

"मी इतवारीतल्या फोटोवाल्या बाईंची मैत्रीण," मी म्हटलं.

ती हात पुसत उठली. "बाई काहून नाही आल्या औंदा? संक्रांत होऊन गेली. मी वाट पाह्यली नं."

ताई! दर संक्रांतीला?

मी सांगितलं, तू गेलीस. ती तिथंच बाजेच्या काठावर बसली. वड्यांचं पीठ बोटांवर तसंच. मग तिनं मला ते सगळं सांगितलं जे तू सांगितलं नाहीस. साक्षगंध मोडलं त्याच आठवड्यात तू एकटी कन्हानला गेलीस. तिच्या वडिलांनी घरात घेतलं नाही, अंगणात उभी राहिलीस. "म्हणे, चूक माही हाये. फोटो मीनंच धाडला, पोरीले इचारलं नाही. आमच्या भावानं चप्पल उगारली होती बाईवर. तरी हलल्या नाहीत." पुढच्या संक्रांतीला तू वाण घेऊन गेलीस. तिनं दार लावून घेतलं. तू वाण उंबऱ्यावर ठेवून आलीस. पाच वर्षं दार लागलेलं, पाच वर्षं वाण उंबऱ्यावर. पंचविशीला टेकली तेव्हा कुठं तिचं लग्न जमलं, बिजवराशी, खाणीत कामाला आहे तो. तोवर घरात तिला जे ऐकावं लागलं ते तिनं मला सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "भल्लं ऐकलं." तिच्या सासरी तू गेलीस तेव्हा पहिल्यांदा तिनं दार उघडलं. चहा द्यायला आणखी दोन वर्षं लागली.

मी उभी होते. ऊन डोक्यावर आलं होतं. मला गप्प राहता आलं असतं, ताई. तू तर सगळं आपल्या डोक्यावर घेऊन ठेवलेलंच होतंस, आणि नीट मिटवतही आणलं होतंस. तिच्या मनात तू होतीस, भली बाई, चुकली पण निभावून नेलं. मी फोटो हातात द्यायचा, दोन शब्द तुझ्याबद्दल बोलायचे आणि बस धरायची. कुणाला काय कळणार होतं?

"कुसुम," मी म्हटलं, "तो फोटो तिनं नव्हता पाठवला. मी पाठवला. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

ती उठली, पिठाचं भगोनं उचलून आत गेली. परत आली तेव्हा हात धुतलेले होते. मी पाकीट पुढं केलं. तिनं फोटो बाहेर काढला, उन्हात धरला, आणि बघताना तिच्या तोंडावर काय आलं ते मी सांगणार नाही, कारण ते मी ओशाळून बघितलंच नाही. निगेटिव्हसकट सगळं तिनं पाकिटात घातलं आणि पाकीट पोलक्यात. परत दिलं नाही. मी मागितलं नाही. आपलं भांडण तू जिंकलीस, बाई.

चहा तिनं विचारला नाही. मी जायला वळले तेव्हा मागून म्हणाली,

"इतकी वर्सं त्या बाईले माफ करून राह्यली होती मी. थोडं थोडं करून. आत्ता कुठं पुरं होत आलं होतं." "अन् आज तुमी येऊन म्हनता, थ्या नव्हत्याच. आता तुमच्यासाठी पयल्यापासून सुरू करा लागन."

संक्रांतीला अजून अकरा महिने आहेत, ताई. मी वाण घेऊन जाईन. दार उघडणार नाही, हे मला माहीत आहे.